आपल्याच बाकावरून

नाचणगाव,
२४ मार्च १९९७

आदरणीय वासुदेवभाऊ,

नमस्कार. पंचायत समितीच्या सभापतींची निवडणूक झाली, गुलाल उडाला, आपले मधुकरराव खुर्चीवर बसले, आणि तुम्ही माझ्याशी एक शब्द न बोलता समुद्रपूरची बस धरली. फोन करावा तर तुम्ही दुकानातल्या गिऱ्हाइकांपुढे "हो, हो" म्हणून ठेवून देणार. म्हणून लिहिते. मी मॅट्रिक आहे, लिहिता येतं. शिवाय पत्र मध्येच ठेवून देता येत नाही.

पहिले आभार मानते, मग भांडते.

नलूने मला सगळं सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि सभागृहात ती माझ्या शेजारीच बसते. मतदानाआधी आपले सगळे सदस्य फुटू नयेत म्हणून तुम्ही त्यांना रामटेकला सहलीवर नेलं, आणि मी तिथे पोचलेच नाही. उलट विरोधकांच्या सहलीत चिखलदऱ्याला दिसले अशी बातमी आली. त्यावर मधुकरराव म्हणाले की ही जाणारच होती, वर्षभर आपल्याच विरुद्ध बोलत होती. बाकीच्यांनी माना हलवल्या. आणि तुम्ही, जिल्ह्याचे सरचिटणीस, सगळ्यांसमोर म्हणालात, "थे बाई शिव्या आपल्याले देते, पण हात आपल्यासाठीच वर करते. नाई आली तर माह्यं पद घ्या."

भाऊ, माझ्या सख्ख्या दिरानेही माझ्यासाठी एवढी जबान दिली नसती. ऐकलं तेव्हा मी भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच राहिली आणि मी चांगली घळाघळा रडले.

आता मी तिकडे गेले कशी, ते फक्त तुम्हाला सांगते. बाहेर मी एवढंच सांगितलंय की मला फसवून नेलं. तुमचा निरोप होता की पहाटे मारुतीच्या देवळापुढे ट्रॅक्स जीप येईल, पिशवी घेऊन बसा, ड्रायव्हरला काही विचारू नका, तोही काही बोलणार नाही. मी पहाटे उभी राहिले. ट्रॅक्स आली, बसले. आत पाहते तर विरोधी पक्षाच्या दोन बाया. मला वाटलं, वा, भाऊंनी यांना फोडलं. मी दोघींचं मनापासून अभिनंदन केलं. त्यांना वाटलं मी फुटले, त्यांनी मला मिठी मारली. परतवाड्यापर्यंत आम्ही एकमेकींचा चिवडा खाल्ला आणि एकमेकींच्या पुढाऱ्यांना नावं ठेवली. घाट चढून लॉजवर उतरले, आणि हार घेऊन समोर उभे विरोधी गटनेते. तेव्हा माझी ट्यूब पेटली. दोन्ही पक्षांनी गाड्या पुलगावच्या एकाच मालकाकडून घेतल्या होत्या, आणि आपली मागून येत होती.

त्यांनी मला कोंडलं वगैरे नाही. फक्त गाडी नाही म्हणाले, मग चहा दिला, मग परत गाडी नाही म्हणाले. मी म्हटलं, देवीच्या दर्शनाला जाते. देवीचं दर्शन खरंच घेतलं, आणि तिथून थेट एसटी स्टँड. परतवाडा, अमरावती, पुलगाव असं करत मी सभागृहात पोचले तेव्हा मतदान सुरू व्हायचं होतं. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही रुमालाने चष्मा पुसत होता, आणि चष्मा हातात नव्हताच.

मी मधुकररावांसाठी हात वर केला. तुमचा शब्द होता म्हणून केला, आणि पक्ष माझा आहे म्हणून केला. पण बेलोडीचं मी सोडलेलं नाही. आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं बेलोडीला, आणि मधुकररावांना ते स्वतःच्या गावात हवं आहे, जिथून पुलगावचा दवाखाना हाकेवर. बेलोडीच्या बाया बाळंतपणाला बैलबंडीतून निघतात, आणि नाल्याला पूर असला की निघतही नाहीत. माझ्या गणातलं, मला निवडून देणारं गाव आहे ते. मी बोलणार. आपल्याच बाकावर बसून बोलणार.

सुलोचनावहिनींना नमस्कार. त्यांना सांगा, तुमचं पद शाबूत आहे.

तुमची,
अन्नपूर्णा

•

नाचणगाव,
१६ ऑगस्ट १९९८

आदरणीय वासुदेवभाऊ,

कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर वेगळ्या पाकिटात रीतसर पाठवलं आहे. हे पत्र फाइलला लावू नका.

नोटीस पोस्टाने येऊ शकत होती. खाली सही तुमची, म्हणजे ती तुम्हीच पाठवलीत. पण समुद्रपूरहून तीन बस बदलून ती माझ्या हातात द्यायला स्वतः याल, असं वाटलं नव्हतं. आमचे हे तर घाबरले, त्यांना वाटलं अटकच आहे. मी नोटीस वाचली, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि तुम्हाला भरीत-भाकर वाढली. तुम्ही तीन वांग्यांचं भरीत एकटे जेवलात. ज्या बाईला पक्षातून काढायचं तिच्या घरी इतकं जेवणारा सरचिटणीस मी पहिल्यांदा पाहिला.

जेवताना तुम्ही म्हणालात, "बाई, लोकायसमोर काऊन बोलता? आत बोलत जा नं."

तेव्हा तुमच्या ताटात भाकर होती म्हणून मी आणखी भरीत वाढलं. उत्तर आता देते. भाऊ, मी आत बोलले. आधी मधुकररावांच्या ओसरीवर बोलले, मग पक्षाच्या बैठकीत. बैठकीत मी उभी राहिले की चहा येतो. ठरलेलंच आहे ते, मी तोंड उघडलं की कुणीतरी पोराला खूण करतं आणि कपबशा वाजायला लागतात. सभागृहात चहा येत नाही, म्हणून सभागृहात बोलले. सत्ताधारी बाकावरची बाई सत्ताधाऱ्यांना विचारते की बेलोडीच्या बाया तुमच्या कोणी लागत नाहीत का, हे पेपरवाल्याने छापलं. यात माझा काय दोष? विरोधी सदस्यांनी बाकं वाजवली तेव्हा मी त्यांनाही सांगितलं की तुमचं राज्य होतं तेव्हा तुम्ही तर मंजुरीही आणली नव्हती, गप्प बसा. ते मात्र त्याने छापलं नाही.

तरी आज हे पत्र भांडणाचं नाही. काल स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन झाल्यावर मधुकररावच माझ्याकडे आले. म्हणाले, "घ्या तुमचं बेलोडी. पण पुढच्या सभेत जरा गोड बोलजा." उपकेंद्र बेलोडीलाच होणार. ठराव पुढच्या सभेत होईल.

मग नलू मला कोपऱ्यात घेऊन गेली. तिने सांगितलं की गेल्या आठवड्यात तुम्ही मधुकररावांच्या घरी जाऊन दार लावून बसला होता, आणि बाहेर आलात तेव्हा दोघांचे चेहरे उतरले होते. तुम्ही मला यातलं काही बोलला नाहीत. माझ्या नोटिशीवर सही केलीत आणि माझ्याच बाजूने भांडायला गेलात. तुमच्या या 'आत'वर मी हसत आले, आता हसणार नाही. मी बाहेर ओरडले म्हणून तुमचं आत ऐकलं गेलं, की तुम्ही आत बोललात म्हणून माझं ओरडणं कामी आलं, ते देवाला ठाऊक. मला एवढं कळतं की एकटीला जमलं नसतं.

पुढची नोटीसही तुम्हीच घेऊन या. वांगी आहेत.

तुमची,
अन्नपूर्णा

•

नाचणगाव,
९ जुलै १९९९

वासुदेवभाऊ,

तुम्ही पक्ष सोडल्याचं मला पुलगावच्या भाजीबाजारात कळलं. मी आमच्या वाडीतली भेंडी तोलून देत होते. एक गिऱ्हाईक दुसऱ्याला म्हणालं, समुद्रपूरचे वासुदेवराव गेले तिकडे. मला आधी वाटलं तुम्ही वारलात. भेंडी तिथेच टाकून मी विचारायला धावले. पक्ष सोडला एवढंच आहे असं कळल्यावर मी देवाचे आभार मानले, आणि मग रस्ताभर रागाने रडत आले.

आणि दैव बघा, त्याच सकाळी बेलोडीहून निरोप आला होता की उपकेंद्रात पहिलं बाळंतपण झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी ठरवलं होतं की बाजार उरकला की तुम्हाला फोन लावायचा, गिऱ्हाईक असो नसो, आज ठेवू द्यायचा नाही.

तुमचे मोठे नेते गेले, म्हणून त्यांच्या मागे तुम्ही गेलात, हे मला समजतं. पक्षच मधून चिरला, अर्धा जिल्हा तिकडे गेला. पण भाऊ, इतकी वर्षं तुम्ही मला सांगत आलात, आत बोला. बेलोडीसाठी दार लावून भांडलात, पण स्वतःच्या मनातलं तुम्ही आत काय बोललात? एका बैठकीत, एका ओसरीवर, कधी म्हणालात की मला हे पटत नाही? मी दर महिन्याला कटकट करते, माझ्या नावावर नोटिसा आहेत, मधुकरराव मला पाहिलं की रस्ता बदलतात, आणि मी आहे तिथेच आहे. तुम्ही कधी हूं की चूं केलं नाहीत, आणि एका सकाळी उठून गेलात. बोलून टाकलं असतं तर राहता आलं असतं, असं मला वाटतं. चुकत असेन.

सुलोचनावहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, "तुमच्यासाठी तिकडे जागा ठेवली आहे म्हणतात हे, येता का?" मी त्यांना म्हटलं, वहिनी, जेवायला कधीही बोलवा, पायी येते. तिकडे नाही येणार.

रागाने लिहिते आहे, पण एक गोष्ट रागातही खोटी लिहिता येत नाही. बेलोडीच्या त्या पोरीला जन्माला यायला पक्की भिंत आणि नर्स मिळाली, त्यात तुमचा वाटा आहे. आज फोनवर तेच सांगणार होते. धन्यवाद.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

अन्नपूर्णा

•

नाचणगाव,
१९ फेब्रुवारी २००२

वासुदेवभाऊ,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत आणि मीही मग लिहिलं नाही. आता लिहायलाच हवं, कारण तुमच्यापर्यंत गोष्ट तिखटमीठ लावून पोचली असणार.

यंदा माझी जागा राखीव राहिली नाही, म्हणून मी उभी नव्हते. नलू तिच्या जागेवरून पुन्हा उभी होती, आणि तिच्यासमोर तुमच्या पक्षाचा माणूस. तुम्ही त्याच्या प्रचाराला गावोगाव फिरत होता, मी नलूच्या. एकदा आपल्या दोन्ही गाड्या रेल्वे फाटकात समोरासमोर थांबल्या होत्या. तुम्ही मान खाली घातलीत. मी नमस्कार केला होता, तो तुम्हाला दिसला नाही असं मी धरून चालते.

पुलगावच्या शेवटच्या सभेत मला मंचावर पहिल्या रांगेत बसवलं होतं. जिल्ह्यावरून नवा वक्ता आला होता, गळा चांगला, अक्कल कमी. बोलता बोलता तो तुमच्यावर घसरला. म्हणाला की हा वासुदेवराव जुना गद्दार, सत्त्याण्णव सालीच विरोधकांना सामील होता, यानेच आमच्या भोळ्या अन्नपूर्णाबाईंना त्यांच्या जीपमध्ये घालून दिलं. आणि माझ्याकडे हात केला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मधुकरराव माझ्या शेजारी बसले होते. त्यांना तरी ठाऊक होतं की तुम्ही माझ्यासाठी पद पणाला लावलं होतं, तो शब्द त्यांच्याच समोर दिलेला. तेही टाळ्या वाजवत होते.

मला काही सुचलं असं नाही. पाय उठले. मी जाऊन माइक धरला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. पेपरात अर्धंच आलं, म्हणून पूर्ण लिहिते.

"त्या जीपमध्ये मी माह्या पायानं बसली. माह्या येडेपणानं बसली, कोणी घातलं नाई. उलटं या वासुदेवभाऊनं माह्यासाठी आपलं पद पणाले लावलं होतं. त्याच्या माणसाले मत देऊ नका, नलूले द्या. नलू चांगली आहे. पण खोटं बोलून मागू नका, आपल्याले त्याची गरज नाई."

आधी लोक जीपवर पोट धरून हसले. इतकी वर्षं मी फसवून नेलेली बिचारी होते, एका मिनिटात येडी झाले. आमचे हे खाली बसले होते, त्यांनाही तेव्हाच कळलं. घरी येईपर्यंत हसत होते. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा जास्त.

नलू निवडून आली, चांगल्या मतांनी. आणि पक्षाने मला सहा वर्षांसाठी निलंबित केलं. भर सभेत पक्षाच्या वक्त्याचा अपमान आणि विरोधकाची स्तुती, असं कारण दिलं आहे. सही मधुकररावांची. पोस्टाने आलं. कोणी जेवायला आलं नाही.

सुलोचनावहिनींचा काल फोन आला, त्या रडत होत्या. म्हणाल्या की तुम्ही दोन दिवस दुकानात गेला नाहीत, आमच्यामुळे बाईंचं नुकसान झालं असं म्हणत बसला आहात. आणि परत तेच, आमच्याकडे या, मानाने घेऊ. भाऊ, स्पष्ट सांगते. मी हे तुमच्यावर उपकार म्हणून केलेलं नाही. उपकार तुमचा होता, तो माझ्या डोक्यावर आहे आणि तिथेच राहू दे, मला त्याचं ओझं वाटत नाही. माझ्या पक्षाने माझ्यासमोर खोटं बोलू नये, इतकंच मला हवं होतं. पक्ष माझा आहे. त्याने मला काढलं म्हणून तो तुमचा होत नाही.

वाईट वाटतं, ते लपवत नाही. सभा असली की आता मी घरी बसते, आणि लाउडस्पीकरचा आवाज वाडीपर्यंत येतो. मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधते आणि वक्त्याच्या चुका काढते. ऐकणारं कोणी नाही.

पण तुम्ही दुकानात जा. तुमच्या नावाचा खोटेपणा पुसला गेला, हे मला सहा वर्षांपेक्षा मोठं आहे. तुमच्यासारखा माणूस माझ्या बाजूने कधीतरी उभा राहिला म्हणून मला कळलं की उभं राहणं कसं असतं. नाहीतर मी नुसती कटकटी बाई राहिले असते.

अन्नपूर्णा

•

नाचणगाव,
२१ एप्रिल २००६

आदरणीय वासुदेवभाऊ,

तुमचं पत्र मिळालं. तुमचं अक्षर मी नोटिशीवरच्या सहीपलीकडे कधी पाहिलं नव्हतं. छान आहे, फार थरथरलेलं आहे. नयनने वाचून दाखवू का विचारलं. मुलगा असला तरी त्याच्या हातात पत्र दिलं नाही, स्वतः वाचलं, आणि परत वाचलं.

म्हणजे तुम्ही बोललात. तुमच्याच पक्षाचे मंत्री, तुमच्याच समुद्रपुरात, तुमच्याच मंचावर, आणि तुम्ही उभे राहून म्हणालात की साहेब, दिवसभर लाइट नाही, शेतकऱ्याची मोटर चालत नाही, आणि तुम्ही इथे येऊन सत्काराच्या शाली घेता. वहिनींनी फोनवर सांगितलं की त्या खाली बसून देवाचं नाव घेत होत्या. म्हणाल्या, मंत्र्यांनी थांबवलं तर तुम्ही म्हणालात, "थांबा साहेब, मले बोलू द्या. मी कधी बोललो नाई."

मी हे आमच्या ह्यांना सांगितलं, लेकीला, अंकिताला सांगितलं, वाडीत भेंडी तोडणाऱ्या बायांनाही सांगितलं. कोण वासुदेवराव, हे त्यांना माहीत नाही, तरी त्या खूश झाल्या. आमच्या मोटरीही तशाच बंद असतात.

आता तुम्हाला नोटीस आली आणि तुम्हाला झोप नाही. मला विचारता, उत्तरात काय लिहायचं. योग्य माणसाला विचारलंत. सत्तरी गाठलेल्या माणसाला मी काय शिकवणार, पण या एका विषयात माझा हात कोणी धरणार नाही.

माफी मागू नका. लांबण लावू नका. पक्षासाठी किती वर्षं झिजलात ते लिहू नका, ते वाचणाऱ्याला आधीच नकोसं असतं. मंत्र्यांविरुद्ध वैयक्तिक काही नाही, असंही लिहू नका. असलं तर असू दे. एवढंच लिहा: 'मी बोललो ते खरं आहे. मी पक्षात आहे. या दोन्हींत मला अडचण दिसत नाही. आपल्याला दिसत असल्यास कळवावे.' खाली सही. मी चार वेळा वेगवेगळं लिहून पाहिलं आणि पाचव्या वेळी हे सापडलं असतं, पण तोवर पक्षाने विचारणंच बंद केलं. तुम्ही घ्या.

पक्ष मात्र सोडू नका. मी हे तुमच्या पक्षासाठी सांगत नाही, तुमचा पक्ष मला अजूनही आवडत नाही. बोललात आणि गेलात तर त्यांना सोपं जातं. बोललात आणि तिथेच बसून राहिलात तर त्यांना रोज तुमचं तोंड पाहावं लागतं. त्यात फार मजा आहे. मला पुन्हा मिळेल तेव्हा मिळेल, निलंबनाची दोन वर्षं राहिली.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. नोटीस आली की पुढच्या सभेत तुमच्या शेजारी कोणी बसत नाही. वैर म्हणून नाही, आपलंही नाव लागेल म्हणून. कालपर्यंत जे तुमच्या दुकानात चहा पीत होते, ते लांबूनच मान हलवतील. तुमच्या बाजूची खुर्ची सभा संपेपर्यंत रिकामी राहील, आणि सगळ्या मैदानाला ती दिसेल. नोटिशीचं काही वाटत नाही, भाऊ. त्या खुर्चीचं वाटतं.

एक मेला महाराष्ट्र दिनाची तुमच्या पक्षाची सभा समुद्रपूरच्या बाजारचौकात आहे, असं वहिनी म्हणाल्या, आणि तुम्ही जावं की नाही या घोरात आहात. जा. स्वच्छ धोतर नेसून जा, पुढच्या रांगेत बसा, आणि शेजारच्या खुर्चीवर तुमची पिशवी ठेवून जागा धरा. मी सकाळच्या बसने येते. लोक म्हणतील, अन्नपूर्णाबाई गेल्या शेवटी तिकडे. म्हणू देत. मला माझ्या पक्षाने सहा वर्षांसाठी मोकळं सोडलं आहे, दुसऱ्याच्या सभेत बसले म्हणून मला आता कोण नोटीस देणार? सभा संपली की मी माझ्या घरी, तुम्ही तुमच्या.

भाषणाला टाळ्या मात्र वाजवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. नुसती शेजारी बसेन.

तुमची,
अन्नपूर्णा